पाणी धरून बसलेले रान

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने बारामती मागे टाकून इंदापूर तालुक्यात शिरले, की उसाच्या हिरव्या फडांमध्ये अधूनमधून एखादा पांढुरका पट्टा दिसतो. नवख्या माणसाला वाटावे, कुणी चुना सांडला असेल. जवळ जावे तर उन्हाळ्यात पायाखाली पापुद्रे कुरकुरतात, पावसाळ्यात पाय घसरतो, आणि उगवलेले असते ते लव्हाळे, नाहीतर वेडी बाभळ. आमचे दोन एकर रान असेच गेले. आण्णा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून म्हणायचे, "रान पाणी धरून बसलंय. आता ते कुणाचं ऐकायचं नाही."

शाळेत जाणाऱ्या मला त्या वाक्याचे नवल वाटे. आमचा अर्धा तालुका जिरायत. तिकडच्या बायका हंडा घेऊन मैल मैल चालणार, आणि इकडे आमचे रान पाणी धरून बसले म्हणून आण्णा कपाळाला हात लावणार! पाणी नसल्याचे दुःख सगळ्यांना कळते. पाणी असल्याचे दुःख मला कळायला वीस वर्षे लागली, आणि ते कळले शेतात नव्हे, तर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत, जिथे मातीचा कणही नव्हता.

रविवारच्या सकाळी चहाबरोबर रसायनशास्त्र कशाला, असे कुणी म्हणेल. पण गेली काही वर्षे आपल्या भागात इथेनॉलच्या पाठोपाठ मिथेनॉलचेही नाव घेतले जाऊ लागले आहे. उसाच्या चिपाडापासून मिथेनॉल होईल, मिथेनॉलपासून स्वयंपाकाचा गॅस होईल, असे कुणी भाषणात सांगते आणि मांडवातले लोक टाळ्या वाजवतात. यातले काही खोटे नाही. मात्र या सगळ्या साखळीत एक पाहुणा न बोलावता येतो आणि ठाण मांडून बसतो. त्याचे नाव पाणी. त्याची ओळख करून घेतल्याशिवाय त्या टाळ्यांना अर्थ नाही.

दोन भावंडे

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडच्या कारखान्यांच्या आसवन्यांत मळीपासून किंवा रसापासून तयार होते ते इथेनॉल. मिथेनॉल हे त्याचे धाकटे भावंड, एका कार्बनचे. दिसायला तसेच, वासाला जवळजवळ तसेच, पण पोटात गेले तर आंधळे करणारे आणि जीव घेणारे. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. तेव्हा पहिला धडा हा, की मिथेनॉल ही कारखान्याच्या नळीतच राहायची वस्तू आहे.

पण नळीत ते मोठे गुणी आहे. त्यापासून फॉर्मॅलिन होते, प्लायवूड जोडणारे डिंक होतात, रंग आणि औषधांसाठी लागणारी रसायने होतात. भारताला लागणारे बहुतांश मिथेनॉल परदेशातून येते. ते दगडी कोळशापासून, नैसर्गिक वायूपासून करता येते, तसे चिपाडापासूनही करता येते. चिपाड हवा बेताने देऊन तापवायचे, त्यातून निघालेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे वायू स्वच्छ करून तांबे, जस्ताचे ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना यांच्या मिश्रणावरून दाबाखाली सोडायचे, की मिथेनॉल तयार होते.

आणि मिथेनॉलचे दोन रेणू जोडले, की होतो डायमिथिल ईथर, ज्याला सुटसुटीतपणे डीएमई म्हणतात. हा वायू उणे पंचवीस अंशांच्या आसपास उकळतो, म्हणून घरच्या गॅससारखाच थोड्या दाबाखाली सिलिंडरमध्ये द्रवरूपात भरता येतो. जळताना काजळी फारशी धरत नाही. किलोला मिळणारी उष्णता मात्र आपल्या गॅसच्या दोन तृतीयांशाहूनही थोडी कमी, त्यामुळे बर्नर वेगळा लागतो. पुण्यात पाषाणला १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिवसाला वीस ते चोवीस किलो डीएमई करणारा प्रायोगिक संच उभारला आणि २०२० मध्ये 'अदिती ऊर्जा संच' या नावाने त्यासाठीची शेगडीही लोकांसमोर ठेवली. म्हणजे ही गोष्ट बारामतीपासून फार लांबची नाही.

मुठीत एकरभर रान

मिथेनॉलचे दोन रेणू आपण होऊन जुळत नाहीत. त्यांना एक मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ म्हणजे उत्प्रेरक. स्वतः न खर्ची पडता दोघांची गाठ घालून देणारा. डीएमईसाठी सर्वांत जुना आणि स्वस्त मध्यस्थ म्हणजे अ‍ॅल्युमिना, अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड. पांढऱ्या साबुदाण्यासारख्या गोळ्या असतात.

या गोळ्या बाहेरून गुळगुळीत दिसल्या तरी आतून इतक्या भोकाभोकांच्या असतात, की एका ग्रॅमच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून अंथरल्या तर सुमारे दोनशे चौरस मीटर भरतील. आपल्या भाषेत दोन गुंठे! वीस ग्रॅम घेतले की चाळीस गुंठे, म्हणजे पुरा एकर झाला. मुठीत एकरभर रान मावते, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला आण्णांची आठवण झाली होती.

या रानातही सगळी जमीन सारखी नसते. अ‍ॅल्युमिना चांगले तापवले, की त्याच्या अंगावरचा ओलावा निघून जातो आणि काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमचे अणू उघडे पडतात. त्यांच्या भोवतीची ऑक्सिजनची सोबत अपुरी असते, म्हणून ते कुणाच्या तरी ऑक्सिजनला धरायला टपलेले असतात. मिथेनॉलमध्ये ऑक्सिजन आहेच. मिथेनॉलचा रेणू येतो, तिथे टेकतो, शेजारी दुसरा येतो, दोघांची गाठ पडते, डीएमई होऊन ते उडून जातात आणि जागा पुढच्या जोडीला मोकळी होते.

पण ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतही आहे. पाण्याचा रेणू लहान, चपळ आणि या जागांचा मोठा लोभी. बारामती-इंदापूर एसटी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे प्रवासी आपण पाहिलेले आहेत. गाडीत जागा असते, पण बसता येत नाही. पाण्याचे वागणे तसेच. अ‍ॅल्युमिना कमी होत नाही, मिथेनॉलही कमी होत नाही, पण सगळीकडे रुमाल पडलेले असतात आणि काम थंडावते.

औषधाच्या बाटलीत 'खाऊ नये' असे लिहिलेली जी छोटी पुडी निघते, तिच्यातले सिलिकाचे दाणेही हेच काम करतात, पाणी धरून ठेवतात. कारखान्यांत दाबाखालची हवा कोरडी करायला हेच अ‍ॅल्युमिना भरलेले असते. आणि आपल्या आसवन्यांत, जिथे नुसत्या उकळण्याने ९५.६ टक्क्यांच्या पुढे इथेनॉल शुद्ध होत नाही, तिथे उरलेले पाणी झिओलाइटच्या बारीक छिद्रांत अडकवूनच ते पेट्रोलमध्ये घालण्याजोगे करतात. एका ठिकाणी ज्या गुणासाठी पैसे मोजायचे, तोच गुण दुसऱ्या ठिकाणी डोकेदुखी होतो.

जुलै महिन्यातली चूक

हे मी पुस्तकात वाचले होते. पण वाचलेले आणि भोगलेले यांत अंतर असते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नळीत काही ग्रॅम अ‍ॅल्युमिना भरून त्यावरून मिथेनॉलची वाफ सोडायची, आणि किती डीएमई झाला ते मोजायचे, असे माझे काम होते. तापमान मुद्दाम कमी ठेवलेले, शंभरातले पाच-सहाच रेणू बदलावेत असे, कारण उत्प्रेरकाचा खरा वेग तसाच मोजता येतो. मार्च ते मे आकडे एका ओळीत आले. जुलैत मात्र घसरू लागले. आधी थोडे, मग चांगले तिसऱ्या हिश्श्याने. भट्टी तपासली, नळ्या तपासल्या, नवे अ‍ॅल्युमिना भरले, तरी तेच.

शेवटी आमच्या मार्गदर्शकांनी मिथेनॉलची बाटली उचलून पाहिली. झाकण सैल होते. मीच ते घाईत तसे ठेवत आले होते. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. सर एवढेच म्हणाले, "बाई, तुमच्या बाटलीला पुण्याचा पावसाळा लागलाय."

कोरडे मिथेनॉल आणले. पहिल्या तासात आकडा हलला, आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ मे महिन्याच्या जागी येऊन बसला. पाण्याने जागा धरली होती, पण मोडली नव्हती. कोरडी वाफ फिरली, की ते उठून गेले.

मग मला वाटले, जास्तच पाणी दिले तर? दुसऱ्या नळीत बरेच दिवस, अधिक उष्णतेत, मुद्दाम वाफ सोडली. नंतर कोरडे मिथेनॉल लावले, थांबले, पुन्हा थांबले. आकडा थोडा चढला आणि वाटेतच अडकला. तपासले तेव्हा कळले, की आतल्या भिंतीच ढासळल्या होत्या, छिद्रे मिटली होती. एकराचे गुंठे कमी झाले होते. त्या दिवशी बांधावरच्या आण्णांचे वाक्य मला पुरते कळले. रानाने पाणी धरणे आणि रान बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर वेळेत उपाय केला नाही, तर ती दुसरी होते.

शेपटाचे दुखणे

एवढ्यावर कुणी म्हणेल, मग बाटलीचे झाकण घट्ट लावा, संपले! तसे होत नाही, कारण पाणी बाहेरून येते त्याहून जास्त आतच जन्मते. मिथेनॉलचे दोन रेणू जुळले, की एक डीएमई आणि एक पाणी होते. शंभर किलो मिथेनॉल पूर्ण बदलले, तर बहात्तर किलो डीएमई आणि अठ्ठावीस किलो पाणी. म्हणजे कोरडे मिथेनॉल आत सोडले तरी नळीच्या तोंडाशी काम जोरात चालते, आणि पुढे पुढे पाणी साचत जाऊन शेपटाकडचे अ‍ॅल्युमिना रुमालांनी भरून जाते. आपल्या कालव्याच्या उलट. कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून तो रडतो, इथे शेपटाला पाणीच पाणी.

उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. तापमान वाढवले, तर पाणी जागा सोडते आणि वेग वाढतो. पण ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. फार तापवले तर डीएमईकडचा कल कमी होतो आणि नको ती उपउत्पादने वाढतात. अ‍ॅल्युमिनाऐवजी झिओलाइट वापरले, तर त्याच्या आम्लधर्मी जागा पाण्याला इतक्या बधत नाहीत. पण त्या फार जहाल असल्या तर डीएमईवर न थांबता पुढचे हायड्रोकार्बन आणि काजळी करतात. तिसरा उपाय म्हणजे बाहेर आलेले मिश्रण ऊर्ध्वपातनाने वेगळे करायचे, डीएमई काढायचा, मिथेनॉल कोरडे करून पुन्हा आत सोडायचे. कारखाने हेच करतात. पण त्याला वाफ लागते, वाफेला इंधन लागते, आणि इंधन वाचवायलाच तर आपण निघालो होतो!

मिथेनॉल तयार होतानाही हीच कथा. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून ते केले, तर मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचाही एक रेणू होतो. बत्तीस किलोमागे अठरा किलो. हे पाणी तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकाचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे व्हायला मदत करते, आणि कण मोठे झाले की पृष्ठभाग घटतो. कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून मिथेनॉल करायचे प्रयत्न आता आपल्या देशातही सुरू झाले आहेत. त्या सर्वांपुढे हा प्रश्न उभा आहे.

तरी पाण्याला सरसकट वैरी ठरवणे अन्यायाचे होईल. मिथेनॉलपासून हायड्रोजन काढायचा असेल, तर त्याच तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकावर मिथेनॉलबरोबर वाफ द्यावीच लागते. तिथे पाणी हे कामकरी आहे. झिओलाइटवर मिथेनॉलपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करतात, तेव्हा मुद्दाम थोडी वाफ सोडतात, कारण तिच्यामुळे काजळी धरण्याचा वेग मंदावतो. लागते ते माप. माप चुकले की पाहुण्याचा घरमालक होतो.

हिशेब मांडताना

माप चुकल्याची शिक्षा आपल्या भागाने एकदा भोगलेली आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. अवर्षणाचा पट्टा हिरवा होईल म्हणून लोक हरखले, आणि तो झालाही. पण निचऱ्याचा विचार मागे राहिला. खालचे पाणी वर चढले, सोबत क्षार घेऊन आले, पाणी उडून गेले आणि क्षार राहिले. १९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. कालवा येऊन पुरती तीस वर्षेही झाली नव्हती! पाण्याचे दान जमिनीला किती पचेल, हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला नव्हता.

म्हणून मला वाटते, मिथेनॉलच्या बाबतीत तो आधी विचारावा. आपला कच्चा माल मुळातच ओला आहे. उसात शंभरातले सत्तर भाग पाणी. घाण्यातून निघालेल्या चिपाडातही निम्मे पाणीच. माझी आई पावसाळ्यात ओले सरपण फुंकून फुंकून डोळे लाल करायची आणि म्हणायची, "निम्मा जाळ लाकूड वाळवायलाच गेला." चिपाडापासून इंधन करणाऱ्या कुठल्याही संचापुढे आईचाच प्रश्न आहे, फक्त आकडे मोठे.

यासाठी आपल्याकडच्या संशोधनाचा पैसा कुठे जावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. कोरड्या, शुद्ध मिथेनॉलवर उत्तम चालणारे उत्प्रेरक जगाकडे आहेत. आपल्याला हवेत ते ओल्या मिथेनॉलवर तग धरणारे. कारण पाणी काढण्याचा खर्च परवडला नाही, तर लहान कारखान्याला हा धंदा झेपणार नाही, आणि तो मोठ्या बंदराजवळच्या मोठ्या भांडवलाकडे जाईल. उत्प्रेरकाच्या अंगावर पाण्याचा रेणू किती घट्ट बसतो, या बारीक प्रश्नावर उद्या आपल्या गावात चार नोकऱ्या येतात की नाही, हे ठरू शकते.

आणि मांडवात बसणाऱ्यांनीही टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कच्च्या मालात पाणी किती? ते, आणि क्रियेत नव्याने होणारे पाणी काढायला वाफ किती लागणार? आणि शेवटी बाहेर पडणारे पाणी कुणाच्या ओढ्यात जाणार? यांची उत्तरे कागदावर मिळाली, तर खुशाल हार घालावेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाऊस कमी पडला म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने बंधन घातले, ते पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उठले. ज्यांनी कर्ज काढून संच उभारले होते, त्यांना त्या आठ महिन्यांत कळले, की पाण्याचा हिशेब टाळून अल्कोहोलचा हिशेब जमत नाही.

आमच्या दोन एकरांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी वरच्या एकरात निचऱ्याच्या भोकाच्या नळ्या पुरल्या, जिप्सम टाकले, धैंचा पेरून गाडला. तिसऱ्या वर्षी तिथे गहू उभा राहिला. खालच्या एकरातही त्याने तेच सगळे केले, पण तिथे पाणी वीस वर्षे जास्त मुरले होते. तिथे अजून वेडी बाभळच आहे. दोन्ही एकरांची माती एकच, पाणी एकच, माणूसही एकच. फरक एवढाच, की एकाकडे वेळेत पाहिले गेले.